पाऊल आणि पाते

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात उन्हाळ्याच्या दिवसांत गावोगाव जे क्रीडामेळे भरतात, त्यांत हातोडाफेकीचा एक जुना प्रकार अद्याप चालू आहे. त्यातला हातोडा म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला बसविलेला धातूचा गोळा. हलका असेल तर १६ पौंडी, जड असेल तर २२ पौंडी. ज्या दिशेला फेक करावयाची तिच्याकडे पाठ करून मल्ल उभा राहतो, हातोडा डोक्याभोवती काही वेळा गरगर फिरवितो आणि खांद्यावरून मागे सोडून देतो. या साऱ्या खटाटोपात त्याचे पाय जागचे हलता कामा नयेत, हा त्या खेळाचा मुख्य दंडक. फिरत्या हातोड्याची ओढ माणसाच्या स्वतःच्या वजनाशी बरोबरी करू लागते, आणि तिकडची हिरवळ तर पावसाने सदाची निसरडी. म्हणून हे मल्ल आपल्या बुटांना, चवड्याच्या पुढे निघतील अशी पोलादी पाती बसवून घेतात. फेकीपूर्वी ती पाती जमिनीत खुपसावयाची आणि मग मुळे धरलेल्या झाडासारखे उभे राहावयाचे, अशी ही रीत आहे.

आता प्रश्न असा की, या पात्यांमुळे फेक जेवढी लांबते, तेवढी लांबी कोणाची? मल्लाच्या कमरेची, की लोहाराच्या ऐरणीची? बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी राहून स्कॉटलंडच्या बुटांची चौकशी करणे हा रिकामपणाचा उद्योग आहे, असे काही वाचक म्हणतील. त्यांस आमची विनंती एवढीच की, त्यांनी क्षणभर आपल्या पायांखाली पाहावे. आपण सारी बदलीची माणसे. परक्या मातीत पाय रोवून उभे राहणे हा आपला व्यवसायच होऊन बसला आहे. आणि तो पाय नेमका कशाच्या जोरावर रोवला जातो, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी तपासून पाहिलेले असते.

पहिले उत्तर हाताशी तयारच आहे. नियमाची परवानगी आहे ना, मग प्रश्न मिटला! कचेरीत उमेद घालविलेल्या मनुष्यास हे उत्तर फार गोड लागते. परंतु नियम तसा का आहे, हेच तर आपण विचारीत आहोत. कारण तोच १६ पौंडांचा भार ऑलिंपिकच्या मैदानावर गेला की नियम नेमका उलटा होतो. तेथे गोळा तारेच्या टोकाला असतो, फेकणारा ७ फूट व्यासाच्या काँक्रीटच्या वर्तुळात तीनचार गिरक्या घेतो, आणि त्याच्या बुटांचे तळ गुळगुळीत असतात. वर्तुळात किंवा बुटांवर काही फवारणे, पसरणे, वर्तुळाचा पृष्ठभाग खरबरीत करणे, हे सारे तेथे निषिद्ध मानलेले आहे. एका मैदानावर पोलादाचे पाते चालते. दुसऱ्यावर चिमूटभर राळ चालत नाही. भार तोच, माणूस त्याच हाडामांसाचा, मग न्याय असा दुतोंडी का?

आम्हांस वाटते, तो दुतोंडी नाही. स्कॉटलंडच्या खेळात पायांना काही विचारलेलेच नसते. त्यांना फक्त स्तब्ध राहण्याची आज्ञा असते. प्रश्न असतो तो पाठीला, खांद्यांना आणि कमरेला. त्या दिवशी गवत ओले की कोरडे, हा केवळ योगायोग. पाते तो योगायोग दूर सारते आणि खरा प्रश्न उघडा करते. वर्तुळातल्या हातोडाफेकीत मात्र पायांचीच परीक्षा असते. गुळगुळीत जमिनीवर, टाच आणि चवडा यांवर आळीपाळीने भार टाकीत, एवढी ओढ सोसूनही तोल कसा ढळू द्यावयाचा नाही, हेच तेथे विचारलेले असते. त्या जागी राळ लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या वहीत पाहून उत्तर लिहिणे. भूमितीच्या पेपरात पट्टी चालते. मुक्तहस्त चित्राच्या पेपरात तीच पट्टी लबाडी ठरते. पट्टीचा त्यात काय दोष? साधन हे जातीने सोवळेही नसते आणि ओवळेही नसते. परीक्षा कशाची चालली आहे, हे पाहिल्यावाचून त्याचा निवाडा करता येत नाही.

हे सूत्र आम्हांस पटते. परंतु ते हाती आले म्हणजे सारे उलगडले, असे मात्र नाही. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये जे घडले, ते या सूत्राच्या पेचात टाकणारे आहे. त्या काळी रस्सीखेच हाही ऑलिंपिकचा खेळ होता. १९०० पासून १९२० पर्यंत तो टिकला. लंडनला अमेरिकेचा संघ लिव्हरपूलच्या पोलिसांपुढे उभा राहिला. अमेरिकेच्या बाजूला साधीसुधी माणसे नव्हती. १९००, १९०४ आणि १९०८ अशा तीनही ऑलिंपिकांत हातोडाफेक जिंकणारा जॉन फ्लॅनगन त्यांत होता, त्याच खेळातला मॅट मॅक्ग्रा होता, गोळाफेकीतला राल्फ रोझ होता. असे हे पहाड पहिल्याच ओढीत पोलिसांनी पाहता पाहता रेषेपलीकडे नेले. अमेरिकनांनी तक्रार गुदरली ती पोलिसांच्या जडशीळ बुटांविरुद्ध. खास बनविलेले, खिळे अगर टोके बाहेर आलेले बूट चालणार नाहीत, असा नियम होता. पोलिसांच्या बाजूने उत्तर आले, की हे आमचे नोकरीवरचे नेहमीचेच बूट आहेत. पंचांनी तक्रार फेटाळली आणि अमेरिकनांनी मैदान सोडले. शेवटी सुवर्णपदक लंडन शहर पोलिसांना, रौप्य लिव्हरपूलच्या पोलिसांना आणि कांस्य लंडनच्याच मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या एका विभागाला, अशी तीनही पदके पोलिसांच्याच घरी गेली.

‘हे आमचे नेहमीचेच बूट आहेत’ या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो आहोत. ते खोटे होते, असे मानण्याचे काही कारण नाही. पोलीस हेच बूट घालून गस्त घालीत असतील. सरकारने ते दिले असतील. झिजले म्हणजे नवे मिळत असतील. स्पर्धेसाठी म्हणून त्यांनी काहीच केलेले नव्हते. आणि नेमके तेथेच या उत्तराचे बळ आहे व तेथेच त्याची खोट आहे. स्कॉटलंडचा मल्ल आपले पाते चार माणसांदेखत बांधतो. आपल्या पायाला पाते आहे हे त्याला ठाऊक असते आणि पाहणाऱ्यालाही ठाऊक असते. नित्याचा बूट घातलेल्या माणसाला मात्र आपल्या पायात काही आहे याचीच जाणीव उरत नाही. त्याला वाटते, ही आपल्या पायाचीच ताकद. कपट करणारा निदान स्वतःला फसवीत नाही. सवयीचा माणूस प्रथम स्वतःलाच फसवितो.

आणि आपले नेहमीचे बूट कोणते? सरकारी बंगला, दाराशी गाडी, नावाआधी हुद्दा छापलेला कागद, दूरध्वनी उचलताच पलीकडच्या आवाजात येणारी अदब. ज्या गावी आपले कोणी सोयरे नाही, तेथे पहिल्याच आठवड्यात शाळेत मुलांना प्रवेश मिळतो, बागेला पाणी मिळते, वैद्य घरी येतो. ‘आम्ही कोठेही गेलो तरी रुळतो हो!’ असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. निवृत्तीनंतर त्याच गावी साध्या भाडेकरूसारखे सहा महिने राहून पाहिलेल्या एखाद्या वृद्ध गृहस्थास या अभिमानाविषयी विचारून पाहावे.

येथे बेळ्ळंदूरच्या बाजूस एका कचेरीच्या वार्षिक खेळांत रस्सीखेचीचा सामना होता. आम्ही पंचांच्या मेजापाशी बसलो होतो. आदल्या रात्री वळवाचा पाऊस पडलेला. येथली तांबडी माती भिजली म्हणजे लोण्यासारखी सरकते. एका बाजूला साहेब मंडळी आणि वरचे लेखनिक, दुसऱ्या बाजूला गाड्यांचे चालक आणि शिपाई. साहेब मंडळींपैकी दोघातिघांनी फुटबॉलचे गुट्ट्यांचे बूट चढविले होते, एकाच्या पायात क्रिकेटचे खिळेवाले बूट होते. समोर चालकांनी चपला कडेला काढून ठेवल्या होत्या, कारण निसरड्यात चपलेपेक्षा अनवाणी पाय बरा. दोन्ही ओढी साहेबांनी जिंकल्या. टाळ्या झाल्या, हसणे झाले. तक्रार कोणीच केली नाही. अमेरिकन हे लंडनचे पाहुणे होते, रागावून निघून जाणे त्यांना परवडण्यासारखे होते. या चालकांना त्याच संध्याकाळी त्याच साहेबांना घरी पोहोचवावयाचे होते. ज्या मैदानावर तक्रारीची सोयच नाही, तेथे तक्रार झाली नाही हा न्यायाचा पुरावा कसा मानावयाचा?

वरचे आमचे सूत्र येथे अपुरे पडते. रस्सीखेचीत पाय रोवणे हा परीक्षेचाच भाग, म्हणून खिळे नकोत, एवढे ते सांगते खरे. पण समजा, हातोडाफेकीसारखा पाती चालणारा खेळ आहे; तरीही ते पाते एकाला मिळते व दुसऱ्याला मिळत नाही, हा प्रश्न राहतोच. १९६८ साली प्युमा कंपनीने नेहमीच्या मोजक्या खिळ्यांऐवजी ६८ बारीक काट्यांचा एक बूट काढला. तो घालून अमेरिकेच्या जॉन कार्लोसने २०० मीटर १९.९ सेकंदांच्या आसपास आणि व्हिन्सेंट मॅथ्यूजने ४०० मीटर ४४.४ सेकंदांत कापले. दोन्ही वेळा त्या अंतराच्या जागतिक विक्रमापुढे गेल्या होत्या, पण खिळ्यांची संख्या नियमात बसत नाही म्हणून त्यांना विक्रम म्हणून मान्यता मिळाली नाही. सहा लांब खिळे शुद्ध आणि ६८ आखूड काटे अशुद्ध, यामागे काही सनातन तत्त्व आहे असे आम्ही म्हणणार नाही. रेघ कोठेतरी ओढावी लागते, एवढाच त्याचा अर्थ. त्या मानाने २०२० साली जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने जाड तळाच्या नव्या बुटांविषयी जो निर्णय केला, तो आम्हांस अधिक समंजस वाटतो. तळ ४० मिलिमीटरांहून जाड नको, हे तर तिने सांगितलेच. शिवाय स्पर्धेत वापरावयाचा बूट चार महिने आधीपासून बाजारात कोणालाही विकत मिळत असला पाहिजे, अशी अट घातली. अर्थात ‘कोणालाही विकत मिळणे’ यातला ‘कोणालाही’ हा शब्द खिसा पाहून बोलतो, ही गोष्ट वेगळी.

पात्याचा आणखी एक धर्म आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. पाते जमिनीला उकरते. एकाने पाय रोवून फेक केली, की त्याच्या मागून त्याच जागी उभ्या राहणाऱ्याला उखणलेली माती मिळते. आपण जेथे राहतो त्या बेळ्ळंदूरपुरते बोलावयाचे तर, हे तळ्याकाठचे शेतकऱ्यांचे गाव होते. २००७ साली ते बेंगळूर महानगराच्या हद्दीत आले. त्याच्या आगेमागे वर्तुळमार्गाच्या दोन्ही अंगांना संगणकाच्या कचेऱ्या आणि मजल्यांवर मजले उभे राहिले. शहराचे सांडपाणी पोटात घेता घेता ते भले मोठे तळे इतके नासले, की २०१५ साली त्याचा फेस वाऱ्याबरोबर रस्त्यावर येऊ लागला. २०१८ च्या जानेवारीत तळ्यालाच आग लागली आणि ती विझविण्यासाठी हजारो जवान राबले. २०२२ च्या सप्टेंबरात तोच वर्तुळमार्ग पाण्याखाली गेला. पावसाचे पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात नेणारे ओढे, ज्यांना येथे राजकालुवे म्हणतात, ते ठिकठिकाणी आवळले वा बुजविले गेले होते. येथे पाय रोवणाऱ्या बहुतेकांपाशी परवानगीचा कागद होता. जमिनीची परवानगी घेण्याचा रिवाज नसतो.

आमच्या मराठी मुलखातल्या कुस्तीकडे वळले म्हणजे या बाबतीत निराळेच दृश्य दिसते. तांबड्या मातीच्या हौद्यात उतरलेले दोन पैलवान सलामीच्या वेळी मूठभर माती उचलतात आणि एकमेकांच्या हाताला, अंगाला लावतात. घामाने अंग निसरडे होते, पकड बसत नाही, म्हणून माती. ऑलिंपिकच्या वर्तुळात जो अपराध, तो येथे शिष्टाचार होतो. कारण पकडीचे साधन मनुष्य स्वतःपाशी राखून ठेवीत नाही, प्रतिस्पर्ध्याच्या हाती देतो. खाशाबा जाधव याच मातीत वाढले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला, तेव्हा तेथे माती नव्हती, गादी होती. मातीत पाऊल किंचित रुतते आणि आधार घेते. गादीवर तेच पाऊल परके होते. तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. हेही एक साहाय्यच होते. परंतु ते पायाला बांधलेले पाते नव्हते. त्या पैशांनी खाशाबांना प्रश्नासमोर नेऊन उभे केले, त्यांच्या वतीने उत्तर दिले नाही. साहाय्यासाहाय्यांत एवढा भेद आपण ओळखला, तर पुष्कळसा गोंधळ कमी होईल.

परंतु गादी अंथरली कोणी? प्रश्न काय विचारावयाचा, हे ठरविणारा कोण? २०२० च्या फेब्रुवारीत दक्षिण कन्नड जिल्ह्यातला श्रीनिवास गौडा हा कंबळाचा धावपटू एकाएकी देशभर गाजला. चिखलाने भरलेल्या शेतात रेड्यांच्या जोडीमागे अनवाणी धावत त्याने १४२.५ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत कापले होते. वृत्तपत्रांनी त्रैराशिक मांडून त्याला थेट उसेन बोल्टच्या पंक्तीस बसविले, केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी चाचणीसाठी बोलावणे धाडले. त्याने ते नम्रपणे नाकारले. कंबळात टाचेचे काम, धावपट्टीवर चवड्याचे, शिवाय कंबळात रेड्यांचाही वाटा असतो, धावपट्टीवर तसे नसते, असे त्याच्या बोलण्याचे तात्पर्य होते. अनेकांना हा भित्रेपणा वाटला. आम्हांस त्यात मोठा शहाणपणा दिसतो. खाशाबा परक्या जमिनीवर गेले आणि तेथली चाल शिकले. हा आपली जमीन ओळखून तिच्यावर उभा राहिला. आपल्यासारख्यांना मात्र दुसरा मार्ग मोकळा नाही. आपण बदलीचा हुकूम हाती घेऊन परक्या हौद्यात उतरलेलोच आहोत.

तेव्हा आपल्या नोकरीत परीक्षा कशाची, हे पाहणे आले. नकाशे, हिशेब, जुने दप्तर, कायद्याची कलमे यांत संगणक वापरावा, हाताखालच्या माणसांची मदत घ्यावी. तो योगायोगावर मात करणारा हातोडाफेक्याचा बूट आहे, त्यात गैर काही नाही. पण दूरच्या खेड्यातली एखादी म्हातारी अर्ज घेऊन मेजासमोर उभी राहते, तेव्हा परीक्षा कानांची असते. ती पाच मिनिटे कन्नडात बोलते, शेजारी उभा असलेला कारकून त्याचे एका वाक्यात इंग्रजी अगर हिंदी करून सांगतो, आणि साहेब त्या एका वाक्यावर शेरा मारतात. उरलेली चार मिनिटे कोठे गेली? तिचा आवाज कोठे अडखळला, कोणते नाव घेताना तिने मागे वळून पाहिले, कारकुनाने काय गाळले, हे साहेबांस कधीच कळत नाही. दुभाषा हे येथे पाते नसून वर्तुळात फासलेली राळ आहे. या राज्याच्या सेवेत आलेल्या अधिकाऱ्यांना कन्नडची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, हे खरे. पण परीक्षा उत्तीर्ण होऊन दहा वर्षे लोटली तरी ‘कन्नड गोत्तिल्ला’ या दोन शब्दांवर दिवस काढणारे मराठी गृहस्थ आमच्या परिचयात आहेत. आणि गंमत अशी की, पुण्याच्या अगर नागपूरच्या कचेरीत परप्रांतीय अधिकारी मराठी बोलत नाही म्हणून सर्वांआधी संतापतात तेही हेच. आपले बूट नेहमीचे असतात. खिळे दिसतात ते समोरच्याच्या बुटांचे.

यावर असे म्हटले जाते की, तीन वर्षांनी हलावयाचे, मग कोठकोठल्या भाषा शिकाव्या? या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. ओडिशात ओडिया, मग बंगाली, मग कन्नड, असा संसार कोणाला जमतो? केंद्राच्या नोकरीतल्या माणसाला तर तेवढी उसंतही मिळत नाही. अशा वेळी दुभाषा घ्यावाच लागेल. मात्र तो घेतला आहे हे स्कॉटलंडच्या मल्लाप्रमाणे उघड मानून घ्यावा. म्हातारीला पुन्हा विचारावे, दुसऱ्या माणसाकडून पडताळून घ्यावे, शेऱ्यावर घाई करू नये. एवढे करण्यास कोणत्याही भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही.

मघाशी सांगितलेल्या त्या रस्सीखेचीबद्दल पुढे असे झाले की, खेळसमितीच्या बैठकीत एका तरुण अधिकाऱ्याने पुढील वर्षी सर्वांनीच अनवाणी उतरावे अशी सूचना मांडली. सूचना न्याय्य दिसली आणि संमत होण्याच्या बेतात होती. तेवढ्यात एक वयस्क चालक उठले. त्यांना मधुमेह आहे आणि वैद्याने अनवाणी चालण्याची सक्त मनाई केली आहे. सर्वांना अनवाणी केले तर आपल्याला कडेलाच बसावे लागेल, असे ते म्हणाले. क्रिकेटचे बूट घालून खेळलेल्या साहेबांनीच त्यांना दुजोरा दिला. मग चर्चा कापडी बुटांवर आली, ते सर्वांना खेळांच्या निधीतून द्यावेत का, आणि खर्च किती येईल यावर आली. कोणी म्हणाले, एवढा निधी नाही. कोणी म्हणाले, बक्षिसांचे पेले कमी करा. अखेर पेले कमी करून कापडी बूट घ्यावेत, आणि सामन्यापूर्वी पंचांनी प्रत्येकाचा तळ हाताने चाचपून पाहावा, साहेबांचा आधी, असे ठरले.